डाव्या हाताचं गाणं

आमच्या घरात इंग्रजी संगीताबद्दल तीन मतं होती आणि तिन्ही बाबूजींची होती. एक, त्यात राग नसतो. दोन, त्यात दहा बोटं आपसात भांडतात. तीन, ते ऐकायला खुर्ची लागते, आणि ज्याला खुर्ची लागते ते गाणं नव्हे, मीटिंग. एकही इंग्रजी चीज पुरती न ऐकता बनवलेली असल्यामुळे ही मतं फार पक्की होती. आईला मत नव्हतं. तिला काम होतं.

नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात आमच्या दोन खोल्या. पुढची खोली म्हणजे बाबूजींचं पेटीदुरुस्तीचं दुकान, मागची म्हणजे उरलेलं सगळं जग. दुकानात भिंतीला उघड्या पेट्या टेकवलेल्या असायच्या, कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पट्ट्या काढून वर्तमानपत्रावर दातांसारख्या मांडलेल्या. बाबूजी पितळेचा एकेक सूर कानशीनं खरडायचे, तोंडानं फुंकून बघायचे, परत खरडायचे. समोरच्या घरात हातमाग होते, त्यांची खटखट दिवसभर चालायची. रविवारी आई सावजी मटणाचा मसाला भाजायला घ्यायची, तेव्हा बोळातला प्रत्येक माणूस खोकायचा आणि खोकता खोकता जेवायला कुणाकडे जावं याचा विचार करायचा. पेटी घ्यायला आलेली भजनी मंडळी नेमकी रविवारीच यायची. बाबूजींना तो स्वतःच्या कीर्तीचा परिणाम वाटायचा.

बाबूजी मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. नागपुरात आले ते कापडाच्या गिरणीत, मागखात्यात. शेकडो यंत्रमाग एकदम चालत, त्या खोलीत माणसं खुणांनी बोलायची. तिथं ते बरीच वर्षं होते. पेट्यांचं काम आधी सुट्टीच्या दिवशी, मग रोजचं, आणि शेवटी गिरणी सुटली. "त्या खडखडाटात मी मनात सा धरून उभा राहत होतो," असं ते सांगायचे. बोळात त्यांना नथ्थू मास्तर म्हणत आणि त्यांच्या कानाची शपथ घेत. कुणाची पेटी चढली की उतरली यावर वाद झाला तर दोन्ही पक्ष आमच्या ओट्यावर यायचे. बाबूजी डोळे मिटायचे, मान तिरपी करायचे आणि निकाल द्यायचे. त्यावर अपील नव्हतं. घरात ते मोठ्यानं बोलायचे, ते आम्हाला रागाचं लक्षण वाटायचं. आज कळतं, की त्यातला निम्मा राग नव्हताच.

मी सोळा वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते आणि पुढं काय, या प्रश्नाला सगळ्यांकडे एकच उत्तर होतं, ते उत्तर अजून स्थळ म्हणून आलं नव्हतं इतकंच. अशा वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सदर भागातून निरोप आला. तिथं सालोमीबाई म्हणून एक ख्रिस्ती शिक्षिका राहायच्या. नोकरीतून मोकळ्या झालेल्या, एकट्या. त्यांचा पियानो बिघडला होता आणि कलकत्त्याहून वर्षातून एकदा येणारा कारागीर येईनासा झाला होता. नथ्थू मास्तर बघतील का?

"बघतो म्हना," बाबूजी म्हणाले.

आई मिरच्यांची देठं खुडत होती. "अवो, तुमी ते कधी पाह्यलं तरी हाय का?"

"पेटीच होय वं ते. मोठी हाय म्हनून उभी केली."

मी सायकलच्या कॅरिअरवर हत्यारांची पिशवी घेऊन बसले आणि आम्ही मे महिन्याच्या दुपारी सदरला गेलो. सालोमीबाई उंच, किडकिडीत, पांढऱ्या सुती साडीतल्या. त्यांचं मराठी इतकं शुद्ध होतं की आम्हाला ते परकं वाटलं. "आपण आलात, फार उपकार झाले," असं त्या म्हणाल्या तेव्हा बाबूजींनी मागं वळून पाहिलं, आणखी कोणी आलं आहे का म्हणून. पियानोची पुढची फळी काढली आणि बाबूजी गप्प झाले. भाता नाही, पितळेचे सूर नाहीत. आत तारांचं जंगल, आणि प्रत्येक पट्टीमागं एक लोकरीच्या टोपीची छोटी हातोडी. लोकर कसरीनं खाल्ली होती. त्यांनी एक पट्टी दाबली, हातोडी तारेवर जाऊन परत आली. पुन्हा दाबली. असं त्यांनी अर्धा तास केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे पेटी नाई. हे माग होय."

मागाचं त्यांना सगळं कळत होतं. तीन दिवसांत त्यांनी अडकलेल्या पट्ट्या सोडवल्या, नवी लोकर चिकटवली, मधल्या तारांचे सूर लावले. एका सुराला तीन तारा, त्यातल्या दोन पाचर घालून गप्प करायच्या आणि एक लावायची, ही युक्ती बाईंनी सांगितली आणि त्यांनी ती जन्मभर वापरत असल्यासारखी उचलली. वरच्या टोकाच्या सुरांना मात्र हात लावला नाही. "ते बरोबर हाय," म्हणाले.

चौथ्या दिवशी बाईंनी पियानो वाजवून पाहिला. त्यांनी वाजवलेली चीज कुणाची, ते त्यांनी सांगितलं होतं, पण ते नाव मला तेव्हा उच्चारता आलं नाही आणि आज लिहायला बसले तर दोन ओळी त्यातच जातील. परदेशातला, तरुणपणी खोकून खोकून गेलेला माणूस. चिजेच्या जातीला नॉक्टर्न म्हणतात, म्हणजे रात्रीचं गाणं. हे ऐकून बाबूजींचा चेहरा पडला. "रात्रीची चीज दुपारी दोन वाजता? म्हनून तर यांचं बेसूर होते."

पण बाई वाजवायला लागल्या होत्या. डाव्या हातानं खोल एक सूर, मग त्याच्या वर दोनदा हलकेच दाबलेले सुरांचे गुच्छ. पुन्हा खोल सूर, पुन्हा गुच्छ. झोपाळ्याला पायानं रेटा द्यावा तसं. आणि त्यावर उजवा हात एकच एक गाणं म्हणत होता, अगदी गळ्यानं म्हणावं तसं. ते संपलं आणि परत आलं, या वेळी थोडा दागिना घालून. पुन्हा आलं, आणखी सजून. बाबूजी ताठ झाले. "मुखडा!" ते माझ्या कानात, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले. "वापस घेऊन येऊन राहिली पाह्य!" शेवटाजवळ ते गाणं वर वर चढत पियानोच्या टोकाशी पोचलं आणि तिथं बारीक सुरांचा नुसता सडा पडला. तो थोडा आंबट लागला. मला वाटलं, इंग्रजी संगीत वर गेल्यावर आंबटच होत असेल.

मी रडत होते, हे मला बाईंनी रुमाल दिला तेव्हा कळलं. सावजी रस्सा सोडून दुसऱ्या कशानं माझ्या डोळ्यांतून पाणी येण्याची ती पहिलीच वेळ. बाईंनी विचारलं, "शिकशील?" आणि बाबूजींना म्हणाल्या, "मास्तर, आपण याची देखभाल करा, मी हिला शिकवते." बाबूजींना नाही म्हणायचं होतं. पण मास्तर म्हणून, आपण म्हणून आणि खुर्चीवर बसवून विचारलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणतात, याचा त्यांना सराव नव्हता.

पहिले कित्येक महिने बाईंनी मला गाणं वाजवूच दिलं नाही. फक्त डावा हात. खोल सूर, गुच्छ, गुच्छ. मी कंटाळले. एकदा धीर करून म्हटलं, "बाई, हे तर नुसतं ठेका धरणं झालं." त्या चिडल्या नाहीत. त्यांनी उजव्या हाताच्या एका बोटानं एकच पट्टी दाबली. खाली डाव्या हातानं एक गुच्छ दिला. तो सूर घरात निवांत बसला होता. तीच पट्टी पुन्हा दाबली, खालचा गुच्छ बदलला. आता तोच सूर उंबऱ्यात उभा होता, चपला घालून. तिसऱ्यांदा तोच सूर, खाली तिसराच गुच्छ, आणि आता तो कसली तरी वाईट बातमी घेऊन आला होता.

"सूर बदलला का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग काय बदललं?"

मी खालच्या गुच्छाकडं बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "याला हार्मनी म्हणतात. गाणं काय बोलतं ते उजवा हात सांगतो. खरं बोलतं की नाही, ते डावा." यानंतर अनेक जाडजूड पुस्तकांत मी हार्मनीची व्याख्या वाचली. ती अजून पाठ होत नाही. ही झाली.

घरी सराव करायची पंचाईत होती. पेटीला एक हात भात्याला लागतो, राहतो एकच. मी भाता मारून डाव्या हाताचं काम उजव्यानं करायला लागले तर गुच्छ पोचेनात. दोन दिवस बाबूजींनी ही झटापट पाहिली. तिसऱ्या दिवशी ते पेटीच्या मागं येऊन बसले आणि भाता मारू लागले. मी दोन्ही हातांनी वाजवू लागले. महालातल्या बोळात, मागांच्या खटखटीत, ओळखीच्या पेटीतून असले अनोळखी गुच्छ निघायचे. भजनी मंडळातले एक काका दारात थांबून म्हणाले, "मास्तर, पोरीले काही होऊन राहिलं का?" बाबूजी म्हणाले, "काही नाई. अभ्यास करून राहिली." रोज तासभर ते भाता मारायचे. भांडणाऱ्या बोटांचं मत त्यांनी जाहीरपणे कधी मागं घेतलं नाही, पण माझा एक गुच्छ चुकला की भाता थांबायचा.

आई दर सोमवारी बाईंसाठी आदल्या दिवशीच्या रश्श्याचा डबा द्यायची. बाईंनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा त्या तांब्याभर पाणी प्यायल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आईंना सांग, स्वर्गीय आहे." आईनं पुढच्या सोमवारी तिखट वाढवलं.

पावसाळा सरल्यावर बाईंनी आपल्या जुन्या मित्रमंडळींना दुपारच्या चहाला बोलावलं. आठ-दहा माणसं, सगळी सदरची, खुर्चीत बसून ऐकणारी. त्या दिवशी त्या ती पूर्ण चीज वाजवणार होत्या. बाबूजींना म्हणाल्या, "मास्तर, वरचे सूर तेवढे बघा. मला ते खटकतात." आणि केक आणायला गेल्या.

बाबूजी वरच्या टोकाशी बसले. तार पिळायचे, पट्टी दाबायचे, डोळे मिटून मान तिरपी करायचे. मी पाचरी हातात देत होते. आणि मला ऐकू येत होतं. तार सुराच्या पुढं गेली, ते पिळतच होते. मागं आली, त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या तारेला लागले. एक तार तर तुटलीच. एकेक सूर आधीपेक्षा वाईट होत होता. मी पुढची पाचर दिली. नथ्थू मास्तरांचा कान चुकतो, असं महालात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच डॉक्टरकडं नेलं असतं. मी सोळा वर्षांची होते. मला वाटलं, माझ्याच कानात काही तरी आहे. खरं तर मला तसं वाटलं नव्हतं. वाटावं अशी इच्छा होती.

बाई आल्या तेव्हा पाहुणे फाटकात होते. पियानो तपासायला वेळ मिळाला नाही. त्या वाजवायला बसल्या. मधलं सगळं सुंदर झालं. गाणं परत आलं, सजून आलं, आणि मग वर चढलं. वरच्या टोकाला पोचलं तेव्हा खोलीत जे काही झालं ते सांगायला चांगला शब्द नाही. ताटं पडल्यासारखं झालं. एका बाईनं कप खाली ठेवला. एक गृहस्थ छताकडं बघू लागले. सालोमीबाईंची पाठ ताठ झाली, पण त्या थांबल्या नाहीत. दाराजवळ बसलेले बाबूजी बाईंच्या हातांकडं बघत डोलत होते.

चीज संपली. कुणी काही बोलेना. बाबूजींना ही शांतता दाद वाटली आणि आपलीही भर घालावी म्हणून ते उभे राहिले.

"बाई, एक सांगू का? ते शेवटी तुमी वर जाता न, अन् मंग उजवा हात चूप करून टाकता, एकदम रिकामी जागा सोडता, तिथं तं तुमी मारूनच टाकलं. हात हालते, पन आवाज नाई. मोठ्या मोठ्या गवयांले चूप बसता येत नाई हो."

मग छताकडं बघणारे गृहस्थ हसले. त्यांना तो फार वरच्या दर्जाचा टोमणा वाटला. बाकीचेही हसले. कुणी टाळी दिली. बाबूजींनी गोंधळून नमस्कार केला. सालोमीबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मी जमिनीकडं. "चहा घ्या, मास्तर," त्या म्हणाल्या आणि स्वतः कप नेऊन दिला.

सायकलवरून परत येताना बाबूजींनी विचारलं, "काहून हासले वं ते?"

"तुमचं मराठी समजलं नसंल त्यायले," मी म्हटलं.

"सदरचे लोक," ते म्हणाले आणि त्यांचं समाधान झालं. माझं आजवर झालेलं नाही.

सोमवारी बाईंनी बाबूजींनाही बोलावलं. पियानोची पुढची फळी त्यांनी आधीच काढून ठेवली होती. "मास्तर, मी पट्ट्या दाबते. ऐकू आली की हो म्हणा." बाबूजींना हा खेळ वाटला. मधल्या सा पासून सुरुवात झाली. हो. हो. हो. बाई एकेक पट्टी वर जात होत्या. हो. हो. मग एका ठिकाणी बाबूजी थांबले आणि पुढची पट्टी दाबायची वाट पाहू लागले. बाई दाबत होत्या. दाबत दाबत पुढं चालल्या होत्या. बाबूजींची नजर त्यांच्या बोटावर गेली, मग आत तारांकडं. हातोडी तारेवर जात होती आणि परत येत होती. जात होती, येत होती. ते कारागीर होते. हातोडी तारेवर बसली की काय होतं ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"कधीपासून मारून राहिल्या तुमी?" त्यांनी विचारलं.

"बराच वेळ झाला, मास्तर."

ते उठले, जवळ गेले, स्वतःच्या बोटानं शेवटची पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मग जोरात. मला कान झाकावेसे वाटले. "मिलचा खडखडाट," ते म्हणाले, एवढंच. मग माझ्याकडं वळून, "तुले मालूम होतं?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मलाच माहीत नव्हतं.

ते हत्यारं गोळा करू लागले. बाईंनी पिशवीवर हात ठेवला. "मास्तर, त्या दिवशी मी शेवटी जागा सोडली म्हणालात. त्या जागेत तुम्हांला काय ऐकू आलं?"

"डावा हात. दुसरं काय येनार?"

"तेच सांगा."

बाबूजी उभ्या उभ्या, पिशवी हातात धरून, नाखुशीनं बोलू लागले. खालचा खोल सूर जागचा हलत नाही. गुच्छातला वरचाही नाही. मधला एकटा अर्ध्या सुरानं खाली येतो. मग आणखी अर्ध्यानं. "जसा पाहुना जातो जातो म्हनते, अन् उठून पुन्हा बसते. मंग खरंच जाते." त्यांनी हातानं तो पाहुणा उठवून बसवून दाखवला. महिनोन् महिने भाता मारताना त्यांनी ते सगळं पाठ केलं होतं.

बाई पियानोपाशी बसल्या आणि तो शेवटचा तुकडा वाजवला, फक्त डाव्या हातानं. मधला सूर अर्ध्यानं उतरला. पुन्हा अर्ध्यानं. पाहुणा उठला, बसला, गेला. "तीस वर्षं वाजवते आहे," त्या म्हणाल्या. "वरच्या गडबडीत मला हे कधी ऐकूच आलं नाही." त्या खोलीतल्या तिघांपैकी त्या चिजेचा शेवट नीट ऐकलेला माणूस एकच होता, आणि तो अर्धा बहिरा होता.

त्याच दुपारी आम्ही वरचे सूर लावले. बाबूजी पिळायचे, मी ऐकायची. "चढवा. थोडं. थोडं. बस." मी त्यांना बस म्हणते आहे आणि ते थांबताहेत, याची सवय व्हायला आम्हा दोघांनाही वेळ लागला. पहिल्या दिवशी ते प्रत्येक वेळी एक केसभर पुढं पिळूनच थांबले.

महालात मात्र वेगळीच हकिकत पसरली. पियानोचे वरचे सूर मुळात कारखान्यानंच चुकीचे काढले होते आणि नथ्थू मास्तरांनी ते सुधारले. ही हकिकत कुणी पसरवली ते मी सांगत नाही. दुकानावर नवी पाटी लागली: येथे पेटी व पियानो कानाने लावून मिळेल. कुणाच्या कानानं, ते लिहिलं नव्हतं. स्थळ पुढं आलं, लग्नही नागपुरातच झालं, आणि लग्नानंतरही मी बाबूजींबरोबर कामाला जात राहिले, कारण मी गेले नाही तर त्यांचा कान घरी राहायचा. सालोमीबाई काही वर्षांनी भाचीकडं जबलपूरला राहायला गेल्या, पियानो बरोबर घेऊन. ती चीज मला कधीच त्यांच्यासारखी वाजवता आली नाही. डावा हात अजून चांगला आहे. परवा नातवानं मोबाइलवर तीच चीज कुणा जगप्रसिद्ध माणसानं वाजवलेली लावली आणि विचारलं, "आजी, कशी आहे?" मी म्हटलं, उजवा हात फार बोलतो. तो हसला. म्हातारी माणसं असं काही तरी बोलतातच.

बाबूजींनी खरं एकदाच सांगितलं. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात आम्ही गेलो होतो. साहेब दिलदार होते, काम चालू असताना सारखे येऊन उभे राहायचे. शेवटी म्हणाले, "मास्तर, काय कान आहे हो तुमचा!"

बाबूजींनी तार पिळायची किल्ली थांबवली. मला वाटलं, ते नेहमीसारखे मान डोलावतील.

"साहेब, कान हिचे हायत," ते म्हणाले. "माहे नुसते हात हायत. मले वरचं काही आइकू येत नाई."

माझ्या हातातली पाचर खाली पडली. साहेबांचा चेहरा भरून आला. त्यांनी आतून बायकोला हाक मारून बोलावलं आणि सांगितलं, "बघ, एवढा मोठा कलावंत, पण श्रेय सगळं मुलीला देतो. असा विनय आता कुठं राहिलाय?"

बाबूजींनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. ते पुन्हा तारांकडं वळले, किल्ली खुंटीवर बसवली आणि म्हणाले, "दाब वं पुढची."

मी दाबली.